फ्रीजवरचं पाकीट

२००८ च्या ऑक्टोबरमधे आमच्या फ्रीजवर, शनिवारवाड्याच्या मॅग्नेटखाली, एक पाकीट जवळजवळ महिनाभर लटकत होतं. आत ॲबसेंटी बॅलट. ओहायोमधे कारण न देता घरी मतपत्रिका मागवता येते, मी दरवेळी मागवते, आली की त्याच संध्याकाळी चहा पिता पिता गोल काळे करायचे आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात. पाच मिनिटांचं काम. त्या वर्षी नवरा रोज दूध काढताना त्या पाकिटाकडे बघायचा आणि विचारायचा, काय, मुहूर्त निघाला का?

नाही निघाला. कारण सगळ्यात वरचा गोल, अध्यक्षपदाचा.

आधी सांगून टाकते, मी रिपब्लिकन आहे. मराठी वाचणाऱ्यांपैकी काही जण इथेच टॅब बंद करतील, चालेल. इथल्या आमच्या मराठी मंडळात मी म्हणजे पानात चुकून पडलेला खडा, नवरासुद्धा पलीकडचा, त्यामुळे टोमण्यांची सवय आहे. मी डेटनजवळ राहते, लोकांचे टॅक्स भरून देते. छोटे धंदेवाले, ट्रक चालवणारे, दोन-तीन डेंटिस्ट, आणि तेव्हा मोरेनच्या जीएम, म्हणजे जनरल मोटर्सच्या, प्लांटमधलेही बरेच जण. दुसऱ्याच्या कमाईतला किती भाग सरकार नेतं ते वीस वर्षं रोज आकड्यात बघितलं की माणूस आपोआप उजवीकडे सरकतो असं माझं मत आहे, नवरा म्हणतो तू सदाशिव पेठेतनंच तशी आलीस. तेही खरं असेल. बाबा जनसंघाचे. घरात काटकसर, शिस्त, आणि सरकारकडनं काही फुकट घ्यायचं नाही ही धर्माइतकीच पक्की गोष्ट.

तर जॉन मॅकेन, सिनेटर आणि त्या वर्षीचा आमच्या पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार. आता लोक त्याचं नाव कसं हळवं होऊन घेतात, तेव्हा आमच्यासारख्यांच्यात त्याचं नाव निघालं की कपाळाला आठी यायची. २००१ ला बुशने टॅक्स कमी केले तेव्हा सिनेटमधे विरोधात मत देणारे रिपब्लिकन फक्त दोन, लिंकन चेफी आणि हे महाशय. २००३ ला परत विरोधात. आणि २००८ ला उमेदवारी हवी तेव्हा म्हणतात की तेच टॅक्स कट मी कायमचे करीन. मी माझ्या क्लायंटना मुलांमागे मिळणारं क्रेडिट ५०० वरनं १००० झालेलं समजावून सांगितलंय, त्यांचे चेहरे बघितलेत, मला हा विषय टीव्हीवरचा नव्हता. शिवाय फाइनगोल्डबरोबर निवडणूक-खर्चाचा कायदा, लीबरमनबरोबर हवामानाचं बिल, न्यायाधीशांच्या नेमणुकांवरनं सिनेटमधे भांडण पेटलं तेव्हा तो चौदा जणांचा गट. ज्या कुठल्या बिलावर याचं नाव त्याच्या शेजारी डॅश आणि मग एक डेमोक्रॅट. पेपरवाले त्याला मॅव्हरिक म्हणायचे, म्हणजे कळपात न बसणारा, कौतुकाने. आमच्याकडे असा एखादा काका असतो बघा, बाहेर सगळ्यांशी गोड आणि घरात आला की खेकसणार, आणि शेजारी म्हणणार काय हो तुमचे काका, किती दिलदार.

पण खरं सांगायचं तर टॅक्स आणि बाकी सगळं मी गिळलं असतं. मला अडत होती ती रांग.

मी १९९९ ला सिटिझन झाले. २००० साली धाकट्या भावासाठी अर्ज भरला, भावाबहिणींच्या कॅटेगरीत, ज्याला एफ-फोर म्हणतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भारतातल्या माणसाला त्या रांगेत दहा-अकरा वर्षं सहज लागायची. दर महिन्याला सरकारचं व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात एक तारीख असते, त्या तारखेआधी ज्यांनी अर्ज भरले त्यांचा नंबर आला. मी ती तारीख दर महिन्याला बघायचे. कधी तीन आठवडे पुढे, कधी जागच्या जागी, कधी चक्क मागे. मधल्या काळात भावाचं लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, त्याने कोथरुडला फ्लॅट घेतला, आणि दरवेळी फोनवर तो विचारायचा ताई काही हललं का आणि मी म्हणायचे तीन आठवडे.

आणि २००५ ला मॅकेन डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडीला घेऊन बिल आणतो की जे बेकायदा आलेत त्यांनी दंड भरावा, टॅक्स भरावा, इंग्रजी शिकावं आणि रीतसर व्हावं. २००७ ला त्याच धर्तीवर परत एक मोठं बिल आलं, ज्याच्या मागे हा पूर्ण ताकदीने उभा, आणि गंमत म्हणजे त्यात भावाबहिणींची कॅटेगरीच पुढे बंद करायची असं होतं. म्हणजे जो रांगेत उभा आहे त्याची रांगच मोडीत काढायची आणि जो खिडकीतनं आत आला त्याला खुर्ची द्यायची! जूनमधे ते सिनेटमधे आपटलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळी वाजवली. मला कुणाचा राग नाही हो, माझ्याकडे टॅक्स भरायला येणाऱ्यांत असेही लोक होते ज्यांचे कागद काय आहेत ते मी विचारायची नाही, छताची कामं करणारे, भयंकर कष्टाळू. त्यांच्यावर राग नव्हताच. राग रांगेत उभं करणाऱ्यांवर होता.

आमच्या घरात रांग ही फार मोठी गोष्ट. बजाज स्कूटरला बाबांनी नंबर लावला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि स्कूटर आली तेव्हा मला ती चालवायचा हट्ट करता येत होता. मधल्या काळात बाबांच्या एका मित्राने सांगितलं होतं, माझ्या ओळखीने पुढे सरकवतो. बाबांनी त्याच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. आई म्हणायची यांना तत्त्वं आहेत आणि मला पिशव्या. मंडईतनं चालत यायची ती, दोन्ही हातात.

असो. फेब्रुवारी २००८. टॅक्सचा सीझन, मी सकाळी सातपासून ऑफिसात, बाजूला रेडिओ. पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीत माझा घोडा मिट रॉम्नी होता. धंदा कळणारा, घरंदाज, आकड्यातलं बोलणारा. (त्याचाही मॅसेच्युसेट्समधला, गव्हर्नर असतानाचा, इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण प्रेमात पडलं की कुठे दिसतं.) फ्लोरिडात हरला, सुपर ट्यूजडेला, म्हणजे बऱ्याच राज्यांत एकाच दिवशी पक्षाचा उमेदवार निवडायचं मतदान असतं तेव्हा, मार खाल्ला, आणि ७ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमधे कॉन्झर्वेटिव्ह लोकांचा जो वार्षिक मेळावा असतो, सीपॅक, तिथे सरळ माघार घेतली. त्याच दिवशी त्याच स्टेजवर थोड्या वेळाने मॅकेन आला आणि इमिग्रेशनचं नाव काढताच लोकांनी हुर्यो उडवली. मी एका डेंटिस्टचा डेप्रिसिएशनचा तक्ता भरत होते, हात थांबला. वाटलं, मी एकटी नाहीये. रेडिओवर रश लिंबॉ रोज तीन तास त्याला सोलत होता. चर्चवाल्यांचा पुढारी जेम्स डॉब्सनने जाहीर केलं होतं की मी याला मत देणार नाही. उजवी लेखिका ॲन कूल्टर तर म्हणाली याच्यापेक्षा मी हिलरीचा प्रचार करीन, ती काय काहीही बोलते.

४ मार्चला ओहायोची प्रायमरी, म्हणजे इथलं उमेदवार निवडायचं मतदान, आली तोवर खेळ संपल्यात जमा होता. मतपत्रिकेवर रॉम्नीचं नाव तसंच छापलेलं होतं, मी त्यालाच दिलं. माघार घेतलेल्या माणसाला मत. नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की चहा सांडला.

त्यानंतर ऐकायला लागला तो सूर. पक्षातले शहाणे लोक टीव्हीवर येऊन म्हणायचे, कॉन्झर्वेटिव्ह लोक आता कुरकुरतायत, नोव्हेंबरपर्यंत येतील, जाणार कुठे. हे 'जाणार कुठे' जे आहे ना, ते माझ्या डोक्यात गेलं. पंगतीत घरच्या बायका शेवटी बसतात, तोवर पुरणपोळ्या संपलेल्या असतात आणि कुणीतरी म्हणतं अगं आमटी-भात आहे की, आपण काय घरचेच. अगदी तसं. मधल्या मतदाराला तूप वाढायचं आणि आपण घरचे. आणि माझ्याबाबतीत तर दोन्हीकडनं, कारण मी साडी नेसून गणपती बसवणारी रिपब्लिकन, चर्चवाल्या मंडळींना मी त्यांच्यातली वाटत नाही आणि आपल्या लोकांना मी आपल्यातली वाटत नाही.

२९ ऑगस्टला मात्र जरा पारा उतरला. मॅकेनचा बहात्तरावा वाढदिवस आणि त्या दिवशी तो उपाध्यक्षपदाचं नाव सांगायला आमच्याच गावाजवळ, राइट स्टेट युनिव्हर्सिटीच्या नटर सेंटरमधे. माझी एक क्लायंट पास घेऊन आली, म्हणाली चल. सारा पेलिन स्टेजवर आली तेव्हा अर्ध्या लोकांना ती कोण ते माहीत नव्हतं, मलाही अलास्का एवढंच, पण पाच मिनिटांत अख्खं सेंटर डोक्यावर. मीही ओरडले, कबूल करते. ३ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती, घरी तीस माणसं जेवून गेली, भांडी घासून मी रात्री टीव्ही लावला तर सेंट पॉलला पक्षाच्या अधिवेशनात तिचं भाषण सुरू. समोर गणपती, बाजूला उरलेले मोदक आणि टीव्हीवर ती. वाटलं झालं, आता प्रश्न सुटला.

कसला सुटतोय! १५ तारखेला लेहमन बँक बुडाली आणि त्याच दिवशी जॅक्सनव्हिलमधे मॅकेन म्हणाला की अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे. इकडे मोरेनचा प्लांट बंद होणार हे जूनमधेच जाहीर झालेलं, विल्मिंग्टनला डीएचएल कुरियरचं हब गुंडाळायची भाषा, माझ्या खुर्चीसमोर रोज कुणीतरी बसून विचारतंय की ४०१-के, म्हणजे निवृत्तीची बचत, मोडला तर किती दंड. मग त्याने प्रचार थांबवतो म्हणून जाहीर केलं आणि वॉशिंग्टनला धावला, तिथे जाऊन काय केलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. तोवर पेलिनबाईंच्या मुलाखतीही यायला लागल्या होत्या, त्याबद्दल बोलायलाच नको.

आणि ते सातशे अब्ज डॉलर, बुडत्या बँकांना वाचवायचं सरकारी बेलआउट. २९ सप्टेंबरला खालच्या सभागृहाने, हाउसने, बिल पाडलं, शेअर बाजाराचा डाऊ एका दिवसात ७७७ अंक घसरला, आणि बुधवारी १ ऑक्टोबरला सिनेटने ७४ विरुद्ध २५ ने मंजूर केलं. मॅकेन हो, ओबामा हो. म्हणजे ज्या एका गोष्टीवर मला फरक हवा होता तिथे दोघं एका बाकावर. त्याच रात्री सिनेटने भारताबरोबरचा अणुकरारही मंजूर केला, मंडळातल्या लोकांचे ईमेलवर ईमेल, पेढे वाटूया वगैरे, आणि मी एकटी बेलआउटच्या नावाने बोटं मोडत बसलेली. शुक्रवारी बुशने सही केली. शनिवारी पोस्टातनं बॅलट आलं. आता सांगा, कुठला मुहूर्त काढायचा?

मग ते मॅग्नेटखाली गेलं.

एका रविवारी मी खालनं सुरुवात केली, जिथे राज्याने मतदारांना थेट विचारलेले प्रश्न असतात. इश्यू ५, पगारावर उचल देणाऱ्या दुकानांच्या व्याजाला लगाम, हो. इश्यू ६, विल्मिंग्टनजवळ कॅसिनो, नाही. जज, काँग्रेस, सगळे गोल भरले आणि वरचा तसाच. वर पर्याय होते तसे. बॉब बार होता, एकेकाळचा जॉर्जियाचा रिपब्लिकन, आता लिबर्टेरियन. चक बाल्डविन होता. किंवा कोरं सोडणं. पण हे ओहायो आहे, आजवर ओहायो न जिंकता एकही रिपब्लिकन अध्यक्ष झालेला नाही, कॅलिफोर्नियात बसून रुसणं वेगळं आणि इथे बसून रुसणं वेगळं. माझा एक ट्रकवाला क्लायंट म्हणाला होता, मी यावेळी घरी बसणार, हरू देत, चार वर्षांनी अक्कल येईल. मला ते पटतही होतं आणि कोर्टाचा विचार आला की पटत नव्हतं. सुप्रीम कोर्टात स्टीव्हन्स ८८ वर्षांचे. रॉबर्ट्स आणि अलिटो दोघांच्या बाजूने मॅकेनचं मत, दोघांच्या विरोधात ओबामाचं. जज नेमले की तीस वर्षं बसतात.

दिवाळीला बाबांना फोन केला. तेव्हा ते ब्याऐंशीचे. चकली जमली का वगैरे झाल्यावर मी म्हटलं, बाबा, सत्त्याहत्तरला तुम्ही मोहन धारियांना मत दिलं होतं ना?

जरा वेळ शांत. मग म्हणाले, दिलं की.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी. १९७१ ला धारिया पुण्यातनं काँग्रेसचे खासदार झाले, इंदिराबाईंच्या सरकारात मंत्री होते, समाजवादी वळणाचे, तरुण तुर्क म्हणायचे त्यांना. बाबा त्यांच्या विरोधात वाडे-वाडे फिरलेले. मग बाईंशी बिनसलं, आणीबाणी आली, धारियाही तुरुंगात आणि बाबाही मिसाखाली चौदा महिने येरवड्यात. आणि ७७ ला जनता पक्ष झाला तर पुण्याचा उमेदवार कोण, मोहन धारिया! जनसंघाची पणती नाही, चक्रातला नांगरधारी शेतकरी.

मी विचारलं, जड गेलं का?

म्हणाले, जड कसलं, दात आवळून मारला शिक्का. आम्हाला बाई घालवायची होती. मग म्हणाले, पण तू मला हे विचारतेस ते तुझ्या त्या मॅकेनसाठी ना? मग मला सांग, तुझ्याकडे कुठली आणीबाणी आहे?

मी म्हटलं, आणीबाणी नाही, पण ओबामा आला तर टॅक्स...

टॅक्स! असं म्हणून ते जे हसले. मग स्वतःच गंभीर झाले. म्हणाले, आणि हेही ऐक, आम्ही पणती विझवली, सगळं त्या पक्षात विसर्जित केलं, आणि अडीच वर्षांत त्याच लोकांनी आमच्यावर दुहेरी सदस्यत्वाचं काढलं, संघ सोडा नाहीतर चालते व्हा. ७९ ला मोरारजींचं सरकार गेलं. तेव्हा शिक्का मारायचा तर मार, पण त्याने तुझे उपकार लक्षात ठेवावेत अशी अपेक्षा ठेवून मारू नकोस.

म्हणजे मी निर्णय मागायला गेले आणि बाबांनी दोन्ही बाजूंचे दगड माझ्याच हातात दिले. पुणेरी पद्धत.

फोन ठेवायच्या आधी बाबांनी सहज विचारलं, तो व्हिएतनाममधे पकडला गेला होता ना गं? किती वर्षं? मी म्हटलं साडेपाच. म्हणाले, लवकर सुटत होता म्हणे. मी म्हटलं हो, वडील ॲडमिरल होते, ६८ साली पॅसिफिकमधल्या अमेरिकन सैन्याचे प्रमुख झाले, तेव्हा हनोईवाल्यांनी सांगितलं तू घरी जा. नाही गेला. कारण त्यांचा नियम होता, जो आधी पकडला गेला तो आधी सुटणार.

हे मला शंभर वेळा माहीत होतं. प्रचाराच्या प्रत्येक फिल्ममधे होतं, खांद्याच्या वर हात जात नाहीत तेही माहीत होतं, ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं. पण बाबांना मराठीत सांगताना तोंडातनं निघालं, 'म्हणाला, माझा नंबर आल्यावर जाईन', आणि मी थांबले. बाबा पण थांबले. मला ती बजाज आठवली, त्यांना काय आठवलं माहीत नाही.

याने २००७ चं बिल बरोबर ठरत नाही. मी आजही म्हणते ते चूक होतं. उलट माझा राग जास्त चमत्कारिक झाला, की अरे बाबा, तुला रांग म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळतं, तू त्यासाठी हाडं मोडून घेतलीस, आणि तूच? पण ज्याच्यावर असा राग येतो तो परका नसतो. परक्यावर आपण चिडत नाही, त्याला सरळ मत देत नाही आणि विसरून जातो.

त्याच महिन्यातली आणखी एक गोष्ट डोक्यात होती. १० तारखेला मिनेसोटात लेकव्हिलला एका बाईने माइक हातात घेऊन ओबामाला अरब म्हटलं, आणि मॅकेनने माइक काढून घेऊन सांगितलं की नाही, तो सभ्य, घरसंसारवाला माणूस आहे, माझे त्याच्याशी मतभेद आहेत इतकंच. स्वतःच्याच लोकांनी त्या सभेत त्याची हुर्यो उडवली. मंडळात एकाने लगेच काढलं, म्हणजे अरब सभ्य नसतात का? मुद्दा बरोबर होता. पण त्या गर्दीत मी उभी असते तर माझ्या शेजारच्या माणसाने माझ्याकडे कसं बघितलं असतं हे मला माहीत होतं, आणि स्टेजवरचा माणूस कुणाच्या बाजूला उभा राहिला तेही मी बघितलं. २००० साली साउथ कॅरोलायनात याच्याच पक्षातल्या कुणीतरी अफवा उठवली होती की याला बाहेरची काळी मुलगी आहे. ती मुलगी म्हणजे ढाक्याच्या मदर तेरेसांच्या आश्रमातनं दत्तक आणलेली.

शनिवारी, १ नोव्हेंबरला, सकाळी मी पाकीट काढलं. नवरा बाहेर पानं गोळा करत होता. गोल भरला. नीट नाही भरला, जरा बाहेर गेली शाई, म्हणून भीती वाटत राहिली की मशीन घेईल का नाही. पोस्टाने आता पोचणार नाही म्हणून गाडी काढून डाउनटाउनला इलेक्शन बोर्डात स्वतः नेऊन दिलं. तिथे भली मोठी रांग होती, आत जाऊन मत देणाऱ्यांची, बहुतेक सगळी तरुण मुलं, ओबामाचे बिल्ले, कुणीतरी डोनट वाटत होतं. एक मुलगी मला म्हणाली मॅम, पाकीट द्यायचं असेल तर थांबू नका, सरळ पुढे जा. मी म्हटलं नको, थांबते. मग कळलं की पाकिटांची खिडकीच वेगळी आहे आणि मी उगाच वीस मिनिटं उभी होते.

मंगळवारी तो हरला. ओहायोत साधारण अडीच लाख मतांनी, आमची काउंटीसुद्धा ओबामाकडे. त्याचं हार मान्य करणारं फीनिक्सचं भाषण मी पूर्ण बघितलं, लोक हुर्यो करायला लागले तर हाताने थांबवत होता, खांद्याच्या खालीखालीच. नवरा आनंदात होता पण शहाणा आहे, गप्प बसला.

पुढे मॅकेनने मला परत चिडवलं नाही असं नाही. २०१७ ला मध्यरात्री सिनेटमधे अंगठा खाली करून ओबामाकेअर मोडायचं आमचंच बिल पाडलं तेव्हा मी किचनमधे एकटी ओरडले. पुढच्या ऑगस्टमधे तो गेला.

पण ते नंतरचं. त्या बुधवारी सकाळी पुण्याहून फोन आला. बाबा म्हणाले, पडला ना तुझा माणूस?

मी म्हटलं, हो, पडला.

मग म्हणाले, बरं, धाकट्याच्या फाइलचं काय झालं? मी बुलेटिन उघडलंच होतं समोर. म्हटलं, या महिन्यात काही नाही.